अठरा नंबरनं पास केलेला माल

कुंदाचा डोळा लागतोय, आणि कुंदाला तो अजिबात लागू द्यायचा नाहीये. तीन वाजता तपासणी विभागाच्या खैरनारसाहेबानं केबिनमध्ये बोलावलंय, सही करायला. आत्ता अडीच वाजलेत. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या लाकडी बाकावर ती नुसती पाठ टेकायला म्हणून आडवी झाली, तर पापण्या मिटायलाच लागल्या. तेवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला चिकटवलेले डोळे ते, संधी मिळाली की मिटणारच. पण आज अंगात एवढा संताप भरलाय, की त्यानं तरी झोप उडायला हवी होती. तीही उडत नाही मेली.

सकाळपासून कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नाही. उद्या 'वज्रकण'चा तिमाहीचा निकाल. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी चिपा बनवते, वॉशिंग मशीनमध्ये नि विजेच्या मीटरमध्ये बसणाऱ्या. गेल्या सहा तिमाह्या ओळीनं तोटा. मध्ये एकदा बोनसऐवजी कामगारांच्या हातावर शेअर टेकवले, तेव्हापासून फरशी पुसणाऱ्यापासून वॉचमनपर्यंत जो तो शेअरबाजाराचा पंडित झालाय. स्टोअरचा दौलत अहिरे तर हातात रस्सावडा धरून भाषणच ठोकत होता.

"टीव्हीवरच्या त्या कोटवाल्यांना काय डोंबल कळतंय? म्हणे वज्रकण बुडणार! त्यांना म्हणावं इथं या, आणि कुंदाताईंचे डोळे बघा."

ही इथली रीत. तिमाही संपत आली की सगळे जण तपासणीतल्या बायकांच्या डोळ्यांत बघतात. डोळे पांढरेफटक असले तर माल निघालेला नाही. लालभडक असले तर रग्गड माल निघालाय, निकाल चांगला लागणार. आणि सप्टेंबरात कुंदाचे डोळे असे लाल होते, की दौलतनं तिला पाहून वज्रकणचे आणखी शेअर घेतले. एकट्या दौलतनंच नाही, निम्म्या कॅन्टीननं घेतले.

ते लाल का झाले होते, हे कुणी विचारलं नाही. मालाचा अंदाज तेवढा सगळ्यांनी काढला.

समोरच्या भिंतीला लोखंडी कपाटं आहेत. सतरा नंबरचं कुंदाचं. शेजारचं अठरा नंबरचं सिंधू गांगुर्डेचं. त्याला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडेच नाही. सिंधूला जाऊन महिना झाला. कुंदा त्या कुलपाकडे बघत बघत डोळे मिटते.

कुलूप उघडल्याचा आवाज येतो.

पांढऱ्या सूटमधली एक बाई कपाटात डोकं घालून काहीतरी शोधतेय. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, टोपी, मास्क, हातमोजे, सगळं जागच्या जागी. आत तपासणीच्या खोलीत असंच जावं लागतं. धुळीचा एक कण चालत नाही तिथं. पावडर नाही, गजरा नाही, बांगड्या नाहीत, टिकलीसुद्धा नाही. आत जाताना बायका आपापली टिकली काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात आणि बाहेर आल्या की परत कपाळाला लावतात. कुंदाचीही कालपासून तिथंच आहे, सतरा नंबरच्या दाराला, काल बाहेर आल्यावर लावायची राहूनच गेली.

"सरक," ती बाई म्हणते.

मास्कच्या वर दोन डोळे दिसताहेत. डावी पापणी जराशी उतरलेली. या कारखान्यात माणसं एकमेकांना डोळ्यांवरूनच ओळखतात, त्यामुळे कुंदाला नाव विचारावं लागत नाही. ती सरकते. सिंधू शेजारी बसते आणि बाक कुरकुरतो.

"आतला सूट घालून बाहेर आलीस?" कुंदा म्हणते. तोंडातून हेच निघतं. "नियम विसरलीस काय गं? ओरडा बसेल."

"मला कोण ओरडतंय आता?"

"ते पण खरंच."

"आणि नियमांचं तू मला सांगू नकोस. तू तर अजिबातच सांगू नकोस."

आवाज सिंधूचाच, पण रागावलेला. तेवीस वर्षांत कुंदानं तिला सासूवर, गॅसवाल्यावर, स्वतःच्या गुडघ्यांवर रागावलेली बघितलीय. आपल्यावर रागावलेली कधी बघितली नव्हती.

"चल," सिंधू उठते. "निकाल लागायचाय."

"उद्या आहे तो."

"चल म्हणते ना!"

दोघी वाऱ्याच्या कपाटात उभ्या आहेत. आत जायच्या आधी इथं उभं राहायचं, हात वर करायचे, गोल फिरायचं, चहूबाजूंनी जोराचा वारा येतो आणि अंगावरची धूळ झाडतो. कुंदा हात वर करून फिरते. वारा येतो, त्याला लसणाच्या फोडणीचा वास आहे. पलीकडचं दार उघडतं आणि समोर सिंधूचं सिडकोतलं स्वयंपाकघर आहे.

तेच घर. फ्रिजवर तीच प्लास्टिकची द्राक्षं. गॅसवर तवा, तव्यावर भाकरी, आणि ओट्यावर, मिक्सरच्या जागी, तपासणीच्या खोलीतला सूक्ष्मदर्शक. सिंधू भाकरी उचलते, त्याच्याखाली धरते, डोळा लावते. दुसऱ्या हातात शाईची सुई आहे.

"जळलीय," म्हणते आणि भाकरीवर काळा ठिपका देते. "इथंही जळलीय." आणखी एक ठिपका.

दोघींचं हेच काम होतं. चिपा एकेकट्या बनत नाहीत. ताटलीएवढ्या एका चकतीवर शेकड्यांनी असतात. ती चकती बघायची, आणि तडा असलेल्या, डाग असलेल्या चिपेवर काळ्या शाईचा ठिपका द्यायचा. पुढे चकती कापली की ठिपकेवाल्या चिपा सरळ कचऱ्यात. शाई अशी पक्की की पाण्यानं, साबणानं जात नाही. स्पिरिट लागतं. बाहेर व्हरांड्यात सिंधूचा हार घातलेला फोटो आहे, खाली लिहिलंय, 'तेवीस वर्षांत एकही सदोष चिप हातून सुटली नाही.' खरंच सुटली नव्हती. तिला दोष दिसायचा म्हणजे दिसायचाच, मग तो चिपेत असो नाहीतर भाजीच्या जुडीत.

"किती?" सिंधू सुईकडे बघतच विचारते.

"काय किती?"

"माझ्या नंबरावर किती चकत्या पास केल्यास?"

कुंदा फ्रिजवरच्या द्राक्षांकडे बघते. "मोजल्या नाहीत."

"खोटं बोलू नकोस, भवाने! तुला सगळं मोजायची खोड आहे. जिन्याच्या पायऱ्या मोजतेस तू."

"दोनशे ऐंशी," कुंदा म्हणते.

आणि स्वयंपाकघरात पलंग आहे, दवाखान्यातला, हिरव्या चादरीचा. सिंधू त्याच्यावर पडलीय, हाताला सलाईन, अंगात अजून तोच पांढरा सूट. गॅसवर भाकरी चालूच आहे. कुंदा पलंगाशी उभी आहे आणि तिच्या हातात सिंधूचं हजेरीचं कार्ड आहे.

हे घडलेलं आहे. सप्टेंबरात, अगदी असंच. सिंधूच्या आजारपणाच्या रजा संपल्या होत्या, तेव्हा कुंदानंच म्हटलं होतं, "कार्ड दे इकडं. माझ्याबरोबर तुझंही लावत जाते. तू बरी होऊन ये निवांत." आणि सिंधू हसून म्हणाली होती, "पकडली गेलीस तर माझं नाव सांगू नकोस हं."

आत्ता ती हसत नाही.

"हजेरी लाव म्हटलं होतं," सिंधू म्हणते. "माल पास कर असं कुठं म्हटलं होतं मी?"

"अगं, नीट ऐकून तर घे! एका तपासनिसाला दिवसाला चाळीस चकत्या. त्यावर यंत्रच घेत नाही, नंबर बंद होतो. तिमाही संपत आलेली, वरून बोंब, माल काढा, माल काढा. खैरनार म्हणाला, अठरा नंबर हजेरीवर आहे ना, मग त्या नंबरावर पुढच्या चाळीस बघा. मी म्हटलं, बरंय. तेवढाच तुला इन्सेंटिव्ह मिळेल. तुझ्यासाठीच केलं ना मी!"

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? मला काय हौस होती ऐंशी ऐंशी चकत्या बघायची? घरी जाऊन डोळ्यांवर काकडी ठेवून रडायचे मी!"

"ती चाळीसची अट का घातलीय, ठाऊक आहे तुला?"

कुंदा हातातलं कार्ड उलटसुलट करते.

"विचारतेय मी!"

"चाळीसनंतर डोळ्याला बारीक तडा दिसत नाही म्हणून."

"मग तुला दिसला का?"

"नाही."

एवढंच आहे सगळं. केसाएवढे तडे. चाळीसाव्या चकतीपर्यंत कुंदाला दिसत होते, त्यानंतर दिसेनासे झाले. माल वॉशिंग मशीनवाल्यांकडे गेला, तिमाहीत विक्री म्हणून धरला गेला, कॅन्टीनमध्ये पेढे वाटले गेले. आणि दिवाळीआधी नऊ पेट्या परत आल्या. तोवर सिंधू गेलेली. मग खैरनारनं यंत्रातली नोंद काढली. सगळा माल अठरा नंबरनं पास केलेला, आणि अठरा नंबर त्या सगळ्या दिवशी हजर.

काल त्यानं कागद पुढे केला. वरिष्ठ तपासनीस म्हणून कुंदानं लिहून द्यायचं, की हा माल सिंधू गांगुर्डे यांच्या हलगर्जीमुळे सुटला. उद्या निकालाबरोबर वरचे लोक हेच वाचणार. एका कामगाराची चूक, ती कामगार आता नाही, दोष निस्तरला, पुढची तिमाही उत्तम. शेअर चढणार. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, कुंदाताई?" असं म्हणाला तो. "आणि खरं सांगायला गेलात तर नंबर तुमचा लागेल. हजेरीची लबाडीही तुमचीच निघेल. बघा बुवा." व्हरांड्यातला फोटोही उतरवायला सांगितलाय त्यानं, उद्या सकाळी.

"तू काय म्हणालीस त्याला?" सिंधू विचारते. ती पलंगावर उठून बसलीय.

"विचार करते म्हणाले."

"विचार! विचार करण्यासारखं काय आहे त्यात?"

आता मात्र कुंदाचा तोल सुटतो. महिनाभर आत दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं.

"तू नको बोलूस! तू तर एक अक्षर बोलू नकोस! पोटात दुखतंय हे सहा महिने लपवलंस माझ्यापासून. मला! रोज डबा एकत्र खायचो आपण! ॲसिडिटी आहे म्हणायचीस, माझ्या डब्यातली आमटी परत करायचीस, आणि मी मूर्खासारखी मीठ कमी घालायला लागले. अख्ख्या जगाचा दोष दिसायचा तुला, स्वतःचा नाही दिसला? दिसला असणार! दिसला आणि गप्प बसलीस. आणि गेलीस निघून. ही घाण मी एकटीनं निस्तरायची!"

सिंधू ऐकून घेते. मास्कच्या वरचे डोळे भरून येतात, पण राग उतरत नाही.

"हो," ती म्हणते. "लपवलं. घाबरले होते."

"मला सांगायचं होतंस."

"सांगायला हवं होतं. चुकलं माझं. माझी चूक मी घेतली की नाही माझ्या अंगावर? आता तुझी तू घे."

खोली मोठी होते. लांबच लांब टेबल आहे, टेबलाच्या मधोमध काळा स्पीकरफोन, आणि त्यातून माणसांचे आवाज येताहेत, टीव्हीवरच्या कोटवाल्यांचे. टेबलाभोवती कॅन्टीनमधले सगळे बसलेत. दौलत अहिरेच्या हातात अजून वडा आहे. खैरनार टेबलाच्या टोकाशी.

"मार्जिन सुधारेल असं धरायचं का?" फोनमधला एक आवाज विचारतो.

"पुढच्या तिमाहीचा काय अंदाज?" दुसरा विचारतो.

"परत आलेला माल ही एकाच बाईची चूक होती ना?" तिसरा विचारतो.

सगळे कुंदाकडे बघतात, सरळ डोळ्यांत. दौलत मान हलवतोय, हो म्हणा, ताई, हो म्हणा, आमचं सगळं तुमच्या भरवशावर आहे. कुंदा तोंड उघडायला जाते. तोंडावर मास्क आहे, तो निघत नाही. ती दोन्ही हातांनी ओढते. सिंधू तिच्या मागेच उभी आहे, हे तिला ठाऊक आहे. सिंधूच्या हातातल्या सुईच्या शाईचा वास येतोय.

मास्क निघतो.

"हो," कुंदा म्हणते. "एकाच बाईची चूक होती."

टाळ्या पडतात. दौलत उभा राहून नाचायलाच लागतो. फोनमधले आवाज हसतात आणि कुणीतरी म्हणतं, मग घ्यायला हरकत नाही.

सिंधू तिचा खांदा धरून तिला वळवते. आता तिनं स्वतःचाही मास्क काढलाय. चेहरा आजारपणातला नाही, त्याच्या आधीचा आहे, गालांनी भरलेला. कपाळ मोकळं आहे. ती डावा डोळा बारीक करून कुंदाकडे बघते, चकतीकडे बघायची तशी, अगदी शांतपणे, आणि बराच वेळ.

"सिंधू, अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं…"

"हलू नकोस," सिंधू म्हणते. "हललीस की शाई पसरते."

सुईचं टोक गार लागतं.

कुंदा दचकून उठते. बाक कुरकुरतो. खोलीत कुणी नाही, घड्याळात तीनला सात मिनिटं कमी आहेत. अठरा नंबरच्या कपाटाला कुलूप आहे, तसंच. तिचे गाल ओले आहेत. झोपेत रडलोय हे तिला आवडत नाही, ती ओढणीनं चेहरा खसाखसा पुसते आणि टिकली लावायला सतरा नंबरचं कपाट उघडते.

टिकली दाराला आहे, मरून रंगाची. शेजारी छोटा आरसा आहे. आरशात तिच्या कपाळावर, टिकलीच्याच जागी, काळा ठिपका आहे.

ती बोटानं पुसते. जात नाही. थुंकी लावून पुसते. मग बेसिनशी जाते, पाणी घेते, साबण घेते, कपाळ लाल होईस्तोवर घासते. ठिपका तसाच, गोल, काठ न पसरलेला. शाईची सुई आतल्या खोलीतून बाहेर येत नाही, साखळीनं टेबलाला बांधलेली असते. स्पिरिटही आतच आहे, आणि कुंदा आज सकाळपासून आत गेलेलीच नाही.

आता आत जाऊन स्पिरिट आणता येईल. पाच मिनिटांचं काम. किंवा टिकली वर लावून टाकली तर काही दिसणारही नाही. ती टिकली दारावरून सोडवते, बोटाच्या टोकावर धरते. मग परत दाराला चिकटवते आणि कपाट लावून घेते.

व्हरांड्यातून जाताना दौलत भेटतो. "ताई, काय म्हणतो उद्याचा अंदाज?" असं विचारायला लागतो आणि तिचं कपाळ बघून वाट सोडतो. या कारखान्यात तो ठिपका कशाचा, हे वॉचमनलाही कळतं. सिंधूच्या फोटोखाली शिडी आणून ठेवलेली आहे. कुंदा ती पायानं बाजूला सारते.

खैरनार कागद काढूनच बसलाय. "या, कुंदाताई. बसा. इथं खाली…" तो वर बघतो. "हे काय लावलंय कपाळाला?"

"ठिपका."

"ते दिसतंय मला. चार वाजता वरची मंडळी यायचीत. जा, धुऊन या आधी."

"पाण्यानं जात नाही, साहेब," कुंदा म्हणते. "नव्या पोरींना तुम्हीच शिकवता ना?"

ती बसत नाही. उभ्यानंच कागद ओढते. 'सिंधू गांगुर्डे, तपासनीस क्रमांक अठरा' वर आडवी रेघ मारते, वर स्वतःचं नाव आणि सतरा लिहिते. खाली आणखी दोन ओळी लिहिते, घाई न करता, अक्षर सुवाच्य येईल असं बघत. हजेरी मी लावली. चाळीसच्या पुढच्या चकत्या धनंजय खैरनार यांनी सांगितल्यावरून अठरा नंबरवर मी पास केल्या. मग सही करते आणि कागद त्याच्याकडे फिरवते.

खैरनारचा आवाज चढतो. "डोकं फिरलंय का तुमचं? उद्या निकाल आहे! काय होईल कंपनीचं, कल्पना आहे?"

"अंदाज हवाय?" कुंदा पुढे वाकते. "इथं रीत आहे ना आपली. बघा माझ्या डोळ्यांत आणि काढा."

खैरनार बघतो. डोळे लालभडक आहेत, आणि आज तिनं एकही चकती बघितलेली नाही.